लागलंय का गं ते?

१

आमच्या बेटावर माणूस गेला की आधी पाद्री येतो, मग शवपेटी येते, आणि दोघांच्या मागून मॅम पेर्ला येते, लॅपटॉप छातीशी धरून. बारसं असो, पोरीचा अठरावा वाढदिवस असो, मुख्याध्यापकांचा निरोप असो की आंब्याची जत्रा, तिचा स्लाइड शो ठरलेला. फोटो तुमचे, गाणं कुणाचं तरी, आणि चमचमत्या चांदण्या तिच्या पदरच्या. एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना ती चांदणी अशी गरगरवते की पेटीतल्या माणसालाही घेरी यावी.

संगीत ती इंटरनेटवरच्या व्हिडिओंतून उचलते. व्हिडिओचा पत्ता कॉपी करायचा, दुसऱ्या एका साइटवर चिकटवायचा, 'अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात' म्हणणाऱ्या हसऱ्या बायकांना हाकलायचं आणि नुसता आवाज खाली उतरवायचा. तो पहिल्या स्लाइडला जोडायचा, सगळ्या स्लाइडवर वाजू दे म्हणून सांगायचं, भोंग्याचं चित्र लपवायचं. झालं. एकदा घाईत कापायचं राहिलं आणि नगराध्यक्षबाईंच्या सासूच्या वेळी ऐन रडण्याच्या जागी साबणाची जाहिरात वाजली. तो साबण हातात घेताना लोक अजून छातीवर क्रूस काढतात.

पेर्ला त्या दिवशीही हसली होती. हसून वेळ मारून नेणं तिला छान जमायचं. गावातल्या शाळेत चौथीला शिकवते ती. चौथीच्या पोरांपुढे हे पुरतं.

पण नांग चोलिंग गेली तेव्हा ती हसली नाही. बातमी ऐकली आणि तिने हातातला फोन पालथा ठेवला. शेजारणीला वाटलं दुःख. दुःख असतं तर बरं झालं असतं.

२

नांग किंवा मानांग म्हणजे थोरली बहीण. चोलिंग सगळ्या गावाचीच नांग होती. चॅपेलमधली पायपेटी ती इतकी वर्षं वाजवत होती की तिच्याआधी कोण वाजवायचं हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं. पायपेटीच्या माथ्यावर खिळ्याला एक छोटा आरसा टांगलेला. पाठीमागे वेदीपाशी पाद्री आणि बाकांवर माणसं काय करतायत ते तिला, एका बाजूला दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यातून, त्यात दिसायचं. बसायला एक बाक, आणि त्या बाकाला एक खोड. नांग बसली की तो 'क्वॅक' करायचा. उठली की पुन्हा. पोरं त्याला बदक म्हणायची. प्रार्थनेत सगळं शांत झालं की बदक ओरडणार आणि मागच्या रांगेत पोरं तोंडात रुमाल कोंबणार, हे बापजाद्यांपासूनचं.

प्रार्थना संपून लोक चपला शोधत बाहेर पडायचे तेव्हा नांग एक धून वाजवायची. तिची स्वतःची. नाव नाही, शब्द नाहीत. कुणी ऐकायचं नाही, कारण बाहेर तळलेली केळी मिळायची.

तिची मुलगी जोव्हेलिन आखातात कुणा म्हातारीची सेवा करायला गेलेली, ती वर्षानुवर्षं आली नव्हती. लहानपणी ती त्याच धुनेवर बाकाशेजारी झोपायची. पावसाळा संपता संपता नांगने पेर्लाला गाठलं.

"इंदाय, तुझ्या फोनवर ती धून धरून ठेवशील? पोरीला पाठवायचीय. माझी बोटं आता फार दिवस ऐकणार नाहीत."

इंदाय म्हणजे पोरी. पन्नाशीच्या पेर्लाला पोरी म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं.

दुपारची वेळ, चॅपेल रिकामं. पेर्ला मागच्या बाकावर बसली, फोन उभा धरला आणि बटण दाबलं, तर फोन म्हणाला, जागा नाही. तिच्याच स्लाइड शोंनी भरलेला होता. काहीतरी पुसायला हवं होतं. काय पुसावं, कुठे शोधावं, उकाडा केवढा... आणि नांग तर बसलीसुद्धा. क्वॅक.

"इंदाय, लागलंय का गं ते?"

"हो नांग, लागलंय. लाल दिवा दिसतोय."

कुठला दिवा न् काय. नांग वाजवत होती आणि पेर्ला फोन तसाच धरून अंगठ्याने ऑनलाइन दुकानातले खिडक्यांचे पडदे बघत होती. सेल चालू होता. वाजवून झाल्यावर नांग फटक फटक चपला वाजवत मागे आली, सांध्यांना चोळायच्या हिरव्या तेलाचा वास येणारा थंड हात पेर्लाच्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "उपकार झाले, इंदाय." पेर्लाने मान वर केली नाही. पडद्याचे पैसे भरणं चालू होतं.

मग दर रविवारी नांग विचारायची, "गेलं का पोरीला?" आणि पेर्ला म्हणायची, "थोडं साफ करतेय, नांग. मागे कुत्री भुंकतायत."

आता नांग शवपेटीत होती आणि फोनवर जोव्हेलिनचा निरोप होता. 'बोटीने येतेय. आई म्हणाली होती तुम्ही धून रेकॉर्ड केलीय. शोमध्ये तीच लावा. मला बाकी काही नको.'

पेर्लाने एक हृदय पाठवलं आणि एक अंगठा.

३

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मधल्या सुट्टीत कुणी नसतं. पंखा तेवढा कुरकुरतो. पेर्लाने दार लोटलं आणि खरं सांगावं की कसं याचा विचार केला. दोन घासांपुरता केला. भाताचा डबा संपला तसा विचारही संपला. सगळ्या गावासमोर, पेटीसमोर, आईला मुकलेल्या पोरीसमोर म्हणायचं, मी तेव्हा पडदे बघत होते? त्यापेक्षा पायपेटी ती पायपेटी. जगात काय कमी म्हाताऱ्या पायपेटी वाजवतात?

तिने शोधलं. बरेच व्हिडिओ झकपक होते. नांगची पायपेटी वाळवीने खाल्लेली, तिचा श्वास दम्याच्या माणसासारखा. शेवटी एक सापडला. बर्फातल्या घराचं एकच स्थिर चित्र, वाचता न येणाऱ्या लिपीतलं नाव, बघणारे मोजकेच. हळू, धापा टाकणारी, थोडी बेसूर पायपेटी. अगदी हवी तशी.

आणि धून? धून तीच आहे का?

पेर्लाने नांगची धून आठवून पाहिली. ओठांवर आली ती बोटीच्या कंपनीची जाहिरात. पुन्हा पाहिलं. पुन्हा तीच. वर्षानुवर्षं दर रविवारी कानावर पडलेलं, आणि एक सूर सापडेना. त्या रिकाम्या खोलीत तिचे कान तापले.

तिने आवाज उतरवला, स्लाइडला जोडला आणि वाजवून पाहिला.

क्वॅक.

मग पायपेटी.

पेर्लाने थांबवलं. हसली. गोऱ्यांच्या देशातही बाक असतात आणि त्यावर बसणाऱ्यांनाही वजन असतं. तिने मूळ व्हिडिओ पुन्हा लावला. बर्फ, घर, पायपेटी. क्वॅक नाही. स्लाइडवर लावला. क्वॅक.

उतरवताना खराब झालं असेल. फुकटच्या साइटवरून आणखी काय मिळणार? तिने सुरुवातीचा तुकडा कापला. वाजवलं. क्वॅक. आणखी कापलं, चांगलं ऐसपैस. वाजवलं. आता पायपेटीच्या आधी पायाने दाबायच्या पायट्यांचा आवाज होता, भात्यात हवा भरतानाचा, आणि त्याच्याही आधी, सावकाश, ऐटीत: क्वॅक.

कापावं तसं ते संपत नव्हतं. मागे सरकत होतं.

घंटा झाली. पोरं आली. पेर्लाने लॅपटॉप असा मिटला की एक पोर म्हणालं, "मॅम, विंचू होता का आत?"

४

नांगला चॅपेलमध्येच ठेवलं होतं. तिचं घर मागच्या अंगाला, एका खोलीचं. चॅपेलच्या दारात टेबलं लागली होती, कॉफी, बिस्किटं, भाजलेले दाणे, आणि मयताच्या जागरणाला चालतो म्हणून पत्त्यांचा डाव. डावाचा म्होरक्या टियो इग्मे, तीनचाकी चालवणारा, पेर्लाचा चुलता. त्याची जीभ त्याच्या गाडीपेक्षा जोरात चालते.

"या मॅम! कालच तुमच्या घरावरून गेलो. पिवळे पडदे लावलेत म्हणे. मला दुरून वाटलं, घराला कावीळ झाली."

"टियो, मयत आहे, जरा हळू बोला."

"मयताला ऐकू जातं होय? मग नांग, तूच सांग, पिवळे बरे दिसतात का?" तो पेटीकडे बघून म्हणाला, आणि सगळे हसले. पेर्ला सोडून.

जोव्हेलिन पेटीच्या काचेवर आसवं पडू नयेत म्हणून जरा मागे उभी होती. ती पेर्लाचा हात धरून तिला बाजूच्या कोठीत घेऊन गेली, जिथे मेणबत्त्या आणि पाद्रीचे झगे ठेवतात.

"आधी मला एकटीला ऐकवा ना, मानांग. सगळ्यांसमोर माझ्याच्याने धीर धरवणार नाही."

पेर्लाने इअरफोन काढला. एक बोंडी जोव्हेलिनच्या कानात, एक स्वतःच्या. आता ही म्हणेल, ही आमची नाही. म्हणू दे. मी म्हणेन, चुकून दुसरी फाइल आली. तेवढ्यात दोघींच्या कानांत बदक ओरडलं.

जोव्हेलिन फसकन हसली आणि त्याच हसण्यातून रडायला लागली.

"बदक! मानांग, तुम्ही बदकपण ठेवलंत!" पायपेटी वाजत होती. ती हलकेच डोलायला लागली, लहान पोराला झोप येताना डोलतं तशी. "हीच. हीच ती. हे इथे आई चुकायची, आता चुकेल बघा..."

आणि बर्फाच्या देशातली ती पायपेटी तिथे चुकली.

"थँक यू, मानांग. खरंच. थँक यू."

"शूऽऽ!" कोठीच्या दारात बिस्किटांचा डबा शोधत आलेला इग्मे ओरडला. "अगं ए आखाती, विसरलीस का सगळं? मयतापाशी आभार मानतात का कुणी? आभार मानले की मरण म्हणतं, आवडलं वाटतं यांना, पुन्हा येतो. गिळ तो शब्द!"

"गिळला, टियो, गिळला," जोव्हेलिन डोळे पुसत म्हणाली.

पेर्लाला तो शब्द परत करावासा वाटत होता. ठेवायला तिच्याकडे जागा नव्हती.

त्याच वेळी तिच्या मनात एक विचार पहिल्यांदाच आला. बदक झालं. पायटे झाले. चुकायची ती जागा चुकून झाली. हे जर त्या दुपारचं असेल, नसणारच, पण असेल, तर त्या दुपारी शेवटी काय बोललं गेलं होतं?

५

"मी म्हणते, नुसतेच फोटो दाखवूया," पेर्ला म्हणाली. "तार बिघडलीय."

"तार मी लावली," इग्मे म्हणाला. "स्पीकर असा वाजतोय की पलीकडच्या बेटावरचे येतील कॉफीला."

सगळे आत येऊन बसले. खिडक्यांवर चादरी टांगून अंधार केला. प्रोजेक्टर पेटीच्या बाजूच्या भिंतीवर. पेर्ला मागच्या बाकावर बसली. लॅपटॉपची तार तिथवरच पोचत होती. तोच बाक. समोर, सगळ्यांच्या डोक्यांपलीकडे, पांढऱ्या चादरीखाली झाकलेली पायपेटी, आणि वर तो आरसा. मयत असताना आरसे झाकतात, हा झाकायचा राहिला होता.

तिने बटण दाबलं. नांगचा लग्नातला फोटो आला, चांदणी गरगरली.

क्वॅक.

चॅपेलभर हशा पिकला, मऊ, ओला. म्हातारी माणसं एकमेकांना कोपरं मारायला लागली. बदक! ऐकलंस? बदक!

मग स्पीकरमधून, इतकं जवळून की पुढच्या रांगेतल्या बायकांनी मान वळवून पेटीकडे पाहिलं:

"इंदाय, लागलंय का गं ते?"

जोव्हेलिनचा हात तोंडावर गेला.

आणि उत्तर आलं, पेर्लाच्या आवाजात, जरा घाईचं, जरा वैतागलेलं: "हो नांग, लागलंय. लाल दिवा दिसतोय."

"बाई गं," कुणीतरी पुटपुटलं, "किती गुणाची आपली मॅम."

लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते, ओल्या डोळ्यांनी, मायेने. पेर्लाने एवढी माया आयुष्यात सोसली नव्हती. बंद करावं म्हणून तिने बटण दाबलं. फोटो बदलला. पुन्हा दाबलं. नांग कोंबड्यांना दाणे टाकताना, नांग समुद्रावर, नांग तरुण; फोटोंवर चांदण्यांची झुंबड उडाली, आणि पायपेटी आपली सावकाश वाजत राहिली, भात्यात श्वास घेत. तिने आवाजाची पट्टी खाली ओढली. पट्टी खाली गेली. आवाज गेला नाही.

तिला धून आता ऐकू येत होती. पहिल्यांदाच. साधीच होती, कुणीतरी कुणाला थोपटावं तशी. ती त्या दुपारी इथेच बसली होती, आणि हे तिच्यासमोर घडत होतं.

धुनेच्या मधोमध, वाजवणं न थांबवता, नांग हळूच बोलली. हे पेर्लाने त्या दुपारी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी ती काहीच ऐकत नव्हती.

"लागलेलं नाहीये, इंदाय. आरशात दिसतंय मला. पडदे बघतेयस."

पायट्यांचा आवाज. एक बेसूर.

"निळे घे. पिवळ्यावर डाग दिसतात."

६

इग्मेने, ज्याला देवाच्या दारातही गप्प बसवत नाही, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. आधी वळलेली सगळी तोंडं तशीच वळलेली होती. त्यांच्यावरची माया मात्र एकेक करून विझत गेली.

"मानांग," जोव्हेलिन म्हणाली, "हे तुम्हीच रेकॉर्ड केलंत ना?"

हसून वेळ मारून न्यायला पेर्लाचे ओठ हलले. जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "बंद होतं. फोन भरलेला होता. मी पुसलं नाही काही. मी... तू म्हणालीस तीच लावा म्हणून, म्हणून मी इंटरनेटवरून कुणाचं तरी... ते बर्फाचं घर होतं, जोव्हेलिन, खरंच, बर्फाचं घर होतं..."

"मग हे?"

पेर्लाने स्पीकरकडे पाहिलं. तिला फक्त पुढचं माहीत होतं. धून शेवटाला आली होती. ते तिला कळत होतं, जणू सगळा जन्म ती तिला पाठ होती. धुनेनंतर बदक. मग चपला. मग ते 'उपकार झाले', आणि तो शब्द इथे, या पेटीसमोर, या माणसांत उच्चारायचा नव्हता.

तिने तार उपटली. भिंतीवरची तरुण नांग विझली. स्पीकर खरखरला आणि मेला. अंधारात चादरींच्या कडांतून उन्हाच्या रेघा तेवढ्या उरल्या.

शेवटचा सूर तरीही पुरा झाला. कुठून, ते कुणी पुढे सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

पेर्लाने एकदाच मान वर केली. समोर तो आरसा होता, तळहाताएवढा. त्यात तिला मागचा बाक दिसायला हवा होता, आणि बाकावर ती स्वतः. त्यात एक चष्मा होता, एका बाजूला दोऱ्याने बांधलेला, आणि चष्म्यामागे एक डोळा, रागावलेला नाही, नुसता बघणारा.

तिने मान खाली घातली.

क्वॅक.

समोर चादरीखाली. बाक रिकामा झाल्यावर करतो तसं.

मग फटक, फटक. एका चपलेचा तळ सुटलेला. दोन्ही रांगांमधल्या वाटेने. वाटेच्या कडेला बसलेल्यांनी एकामागून एक पाय आत घेतले, म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसे, न बघता. हिरव्या तेलाचा वास आला. पावलं मागच्या बाकापाशी थांबली.

पेर्लाने मान वर केली नाही. मांडीवर फोन होता. फोनमध्ये जागा नव्हती, आणि पुसायला या वेळी वेळ लागला नाही. बारशी, जत्रा, निरोप, सगळे शो तिने अंगठ्याने एकदम पुसून टाकले. मग ते बटण दाबलं. खरंच दाबलं. लाल दिवा लागला आणि तिच्या खाली घातलेल्या तोंडावर त्याचा उजेड पडला.

"लागलंय, नांग," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तिच्या गालाला काहीतरी थंड टेकलं, आणि कानाशी कुणीतरी, काही बोलायच्या आधी घेतात तसा, श्वास घेतला.